दोन छेद चार आणि आठ छेद सोळा

प्रश्न तीन गुणांचा होता. सोपे रूप द्या आणि उत्तर धन घातांकात लिहा:

(२अ³ब⁻²)³ ÷ (४अ⁻¹ब²)²

घातांकांचे नियम शिकवून झाले की घटक चाचणीत या धर्तीचा एक प्रश्न मी घालतेच. गुणाकाराचा घात, घाताचा घात, भागाकार, ऋण घातांक, सगळे नियम एकाच ओळीत येतात आणि कोणाचे कुठे अडते ते दिसते. त्या दिवशी गठ्ठा तपासायला घेतला तेव्हा याच प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर बरोबर येत होते. चौथ्या-पाचव्या उत्तरपत्रिकेपर्यंत मला समाधानच वाटत होते.

बरोबर वाट अशी. पहिल्या कंसावर ३ आहे, म्हणजे आतला प्रत्येक गुणक तीनदा घ्यायचा: २ चा घन ८, अ चा घातांक ३ × ३ = ९, ब चा (−२) × ३ = −६. पहिला कंस झाला ८अ⁹ब⁻⁶. दुसऱ्या कंसावर २: ४ चा वर्ग १६, अ चा घातांक −२, ब चा ४. तो झाला १६अ⁻²ब⁴. आता भागाकार. ८/१६ म्हणजे १/२. अ चा घातांक ९ − (−२) = ११. ब चा −६ − ४ = −१०. ऋण घातांकाचा ब छेदात नेला की उत्तर:

अ¹¹/(२ब¹⁰)

सोबत अ आणि ब शून्य नाहीत, ही अट. ती उत्तराशेजारी लिहायला मी आग्रहाने सांगते. मूळ राशीत अ⁻¹ आहे, म्हणजे अ = ० असताना तिला अर्थच नाही; पण सोप्या रूपात अ शून्य ठेवला तर निमूटपणे ० मिळते. सोपे रूप देताना राशीचा एक प्रतिबंध दिसेनासा होतो, तो आपणच लिहून ठेवावा लागतो.

या प्रश्नात काय चुकते हे साधारण ठाऊक असते. अ चा घातांक ११ ऐवजी ७ आला तर ९ − (−२) ऐवजी ९ − २ केले आहे. ब चा घातांक −२ आला तर भागाकारात घातांकांची वजाबाकी न करता बेरीज झाली आहे. सहगुणक ३/४ आला तर २³ ला ६ आणि ४² ला ८ लिहिले आहे, म्हणजे पाया घातांकाने गुणला आहे. उत्तर पाहिले की चूक कुठल्या पायरीवर झाली ते बहुधा सांगता येते. चुका अंदाधुंद नसतात. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी लावलेला असतो, एवढेच.

मग एक उत्तरपत्रिका हातात आली. नीटस अक्षर, एकही पायरी गाळलेली नाही. पहिली ओळ:

२अ⁹ब⁻⁶ ÷ ४अ⁻²ब⁴

आणि शेवटची ओळ: अ¹¹/(२ब¹⁰). उत्तर बरोबर.

मी पहिल्या ओळीवर लाल खूण करून पुढे जाणार होते, तेवढ्यात थांबले. २ वर घन चढवलेला नाही, ४ वर वर्ग चढवलेला नाही. तरीही २/४ म्हणजे १/२, आणि ८/१६ म्हणजेही १/२. सहगुणकावर घात चढवायला विसरणे ही या पाठातली सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती करणाऱ्यालाही माझा प्रश्न बरोबर उत्तराशी नेऊन सोडत होता.

तपासलेल्या उत्तरपत्रिका मी परत काढल्या. ज्यांनी पायऱ्या मांडल्या होत्या त्यांच्यातल्या आणखी काहींच्या पहिल्या ओळीत तोच २ आणि तोच ४ जसाच्या तसा होता. मघाशी माझी नजर घातांकांवर होती, सहगुणकांवरून ती सरळ घसरली होती. ज्यांनी कच्चे काम पुसून केवळ उत्तर लिहिले होते, त्यांच्याबद्दल तर काहीच सांगता येईना. त्यांना नियम समजला होता की नव्हता, हे त्या कागदावरून कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावले. उत्तर बरोबर आहे हे आधी सांगितले, मग विचारले, "या दोनाचं काय केलंस?"

"काही नाही बाई. त्याचं काही करायचं नव्हतं."

"कंसावर तीन आहे ना?"

"हो, पण नियम असा आहे ना, की घातांकावर घातांक असेल तर दोन्ही घातांकांचा गुणाकार करायचा. अ ला तीन आहे, त्याला तीनने गुणलं. ब ला उणे दोन आहे, त्यालाही गुणलं. दोनाला घातांकच नाही. मग गुणायचं कशाला?"

हे उत्तर निष्काळजीपणाचे नव्हते. तिने एक नियम अगदी काटेकोरपणे पाळला होता. घाताच्या घाताचा नियम तिच्या लेखी एक कृती होता: कंसाच्या आत डोक्यावर चढलेले आकडे शोधा आणि बाहेरच्या आकड्याने गुणा. ज्याच्या डोक्यावर काही नाही त्याला ती कृती लागूच पडत नाही. गुणाकाराच्या घाताचा नियम, म्हणजे कंसातल्या प्रत्येक गुणकाला बाहेरचा घातांक मिळतो हा, तिला स्वतंत्रपणे येत होता. (अब)³ विचारले तर तिने लगेच अ³ब³ सांगितले. पण दोन्ही नियम एकाच कंसात आले की नंतर शिकलेल्या नियमाने आधीच्याला झाकून टाकले होते.

मी म्हटले, "अ वर काही लिहिलेलं नसतं तेव्हा त्याचा घातांक किती?"

"एक."

"मग दोनाचा?"

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग २ च्या डोक्यावर बारीक १ लिहिला, त्याच्याखाली १ × ३ = ३ मांडले आणि २ चे २³ केले. ४ चे ४² केले. उत्तर पुन्हा तेच आले तेव्हा तिने विचारले, "मग आधीचं बरोबर कसं आलं?" हाच प्रश्न सकाळपासून माझ्याही डोक्यात होता.

तो न लिहिलेला १ आता मी पहिल्या दिवसापासून लिहायला लावते. (२¹अ³ब⁻²)³ असे मांडले की कंसातले सगळे गुणक एका रांगेत येतात आणि एकच कृती सगळ्यांना लागू होते. आठ-दहा उदाहरणांनंतर मुले तो आपोआप सोडून देतात, तेव्हा सोडू द्यावा.

याच मुळातून दुसरी चूक फुटते. सहगुणकाचे काहीतरी करायचे आहे हे आठवते, "गुणायचे" हेही आठवते, पण काय गुणायचे ते निसटते आणि २³ चे ६ होते. गुणायचा असतो घातांक, पाया नव्हे. घातांक म्हणजे पाया किती वेळा गुणक म्हणून घेतला त्याची मोजणी. २³ मध्ये ३ ही संख्या गुणाकारात भागच घेत नाही, ती मोजते. हे वाक्य सांगून फारसे उतरत नाही; (अ³)² हे अ³ × अ³ असे, आणि तेही पुढे अ · अ · अ × अ · अ · अ असे उलगडून लिहिले की उतरते. सहा अ समोर मोजता येतात.

इथे आपल्या जुन्या संस्कृत बीजगणितातली एक गोष्ट वर्गात फार कामाला येते. डोक्यावर आकडा लिहिण्याची आजची रीत देकार्तच्या १६३७ च्या भूमितीवरच्या लेखनातून रूढ झाली. त्याच्या कित्येक शतके आधी आपल्याकडे घातांना नावे होती: वर्ग, घन, चौथ्याला वर्गवर्ग, पाचव्याला वर्गघनघात, सहाव्याला घनवर्ग, सातव्याला वर्गवर्गघनघात. 'घात' या शब्दाचा तिथला अर्थ गुणाकार. वर्गघनघात म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार: घातांक २ + ३ = ५. घनवर्ग म्हणजे घनाचा वर्ग: ३ × २ = ६. अ² × अ³ आणि (अ³)² यांतला जो फरक मुलांना चकवतो, तो त्या नावांमध्येच सांभाळला आहे. नाव फोडून वाचले की बेरीज करायची की गुणाकार, हे कळते. फळ्यावर ही नावे लिहून दिली तेव्हा मुलांनी आठव्या आणि नवव्या घाताची नावे स्वतः बनवायला घेतली आणि त्या खटपटीत नियम वापरला.

पडताळ्याचेही त्याच दिवशी पुन्हा सांगितले. "किंमत घालून बघा" एवढे म्हणून पुरत नाही. कोणती किंमत आणि कुठे, हे महत्त्वाचे. अ = १, ब = १ ठेवले की सगळे घातांक गप्प बसतात, कारण १ चा कोणताही घात १ च; उरतात सहगुणक. म्हणून १ ही किंमत घातांक तपासायला निकामी आणि सहगुणक तपासायला उत्तम. पण त्या मुलीने शेवटच्या उत्तरात १ ठेवला असता तरी १/२ च आले असते आणि मूळ राशीतही १/२ च. चूक पकडायची तर अंश आणि छेद वेगवेगळे तपासावे लागतात: मूळचा पहिला कंस १ ठेवल्यावर ८ देतो, तिची पहिली राशी २ देते. इथे ती सापडते.

घातांकांसाठी १० घ्यावा. अ = १०, ब = १ ठेवा: पहिला कंस (२०००)³ म्हणजे ८ × १०⁹, दुसरा (०.४)² म्हणजे ०.१६. भागाकार ५ × १०¹⁰, आणि अ¹¹/२ म्हणजेही तेच. घातांक शून्यांच्या संख्येत उघडा पडतो. २ ही किंमत टाळलेली बरी: २ + २, २ × २ आणि २² हे तिन्ही ४ असल्यामुळे नेमकी जी गल्लत शोधायची तीच २ मध्ये दडते. माझ्या प्रश्नातही (ब²)² होते. तिथे घातांकांचा गुणाकार करणारा आणि बेरीज करणारा दोघेही ब⁴ वरच पोचतात. ही दुसरी फट मला त्याच दुपारी दिसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एक नवा प्रश्न द्यायचे ठरवले. मिळालेले गुण तसेच ठेवले. प्रश्न माझा होता आणि त्याने बरोबर उत्तर मान्य केले होते. रिकाम्या तासाला सहगुणक बदलून ३ आणि ६ घेतले:

(३अ³ब⁻²)³ ÷ (६अ⁻¹ब²)²

२७/३६ म्हणजे ३/४. घात न चढवणाऱ्याला ३/६ म्हणजे १/२ मिळेल. वेगळे आहे, छान. कागद बाजूला ठेवता ठेवता दुसरी चूकही करून पाहिली: ३ × ३ = ९, ६ × २ = १२, आणि ९/१२ म्हणजे ३/४! पहिला प्रश्न एक चूक लपवत होता, हा दुसरी लपवायला तयार होता.

मग मात्र नीट मांडणी केली. अंशातला सहगुणक प, त्याच्या कंसाचा घातांक म. छेदातला फ आणि न. सहगुणक तसाच सोडण्याची चूक केव्हा लपते? प चा म वा घात भागिले फ चा न वा घात, हे प/फ इतकेच येईल तेव्हा. दोन्ही बाजूंना प/फ ने भागले की घातांकांच्याच नियमाने उरते: प चा (म − १) वा घात = फ चा (न − १) वा घात. घातांक ३ आणि २ असताना याचा अर्थ प² = फ. २ आणि ४, ३ आणि ९, ५ आणि २५. आणि प्रश्न काढताना आपण नेमक्या याच जोड्या निवडतो, कारण अपूर्णांक सुरेख संक्षिप्त होतो! गुणण्याची चूक लपते तेव्हा प चा (म − १) वा घात भागिले फ चा (न − १) वा घात = म/न. ३² भागिले ६ म्हणजे ९/६, म्हणजे ३/२. आणि म/न सुद्धा ३/२. जुळले.

सहगुणक ३ आणि २ घ्यावेत असाही विचार आला, पण २ च्या डोक्यावर २ येणार, म्हणजे वर्ग आणि दुप्पट एकच. तो बाद. ऋण सहगुणकांच्या जोड्या स्प्रेडशीटमध्ये टाकून पाहताना आणखी एक सावधगिरी लागली. बऱ्याच स्प्रेडशीट −३^२ याचे उत्तर ९ देतात. आपल्या लेखनात −३² म्हणजे −९, कारण घातांक फक्त ३ वर बसला आहे, उणे चिन्ह बाहेर आहे. ९ हवे तर (−३)² असा कंस लागतो. घातांक कोणावर बसला आहे, हा एक प्रश्न आधी विचारला तर यातले बरेचसे टळते. २अ⁻³ म्हणजे २/अ³, १/(२अ³) नव्हे, तेही याचमुळे.

शेवटी ठरलेला प्रश्न:

(२अ³ब⁻²)³ ÷ (६अ⁻¹ब⁴)²

८/३६ म्हणजे २/९, अ¹¹, आणि ब चा घातांक −६ − ८ = −१४. उत्तर २अ¹¹/(९ब¹⁴). सहगुणक तसाच सोडला तर १/३. गुणला तर ६/१२, म्हणजे १/२. अंशात घात चढवून छेदात विसरला तर ८/६, म्हणजे ४/३. उलट झाले तर २/३६, म्हणजे १/१८. ब चा घातांकही आता बोलका झाला: भागाकारात चिन्ह चुकले तर २, कंस सोडवताना घातांकांची बेरीज केली तर ब⁻² चा १ आणि ब⁴ चा ६ होऊन शेवटी −५. ही यादी एका चिठ्ठीवर लिहून मी तपासायला बसले.

सोबत एक छोटा प्रश्नही दिला होता: (अ⁻¹ + ब⁻¹)⁻¹ चे सोपे रूप. तिथे अ + ब लिहिणारे बरेच निघाले. कंसावरचा घातांक आत वाटता येतो तो गुणाकारावर, बेरजेवर नाही. अ = ३, ब = ६ ठेवा: १/३ + १/६ = १/२, त्याचा व्यस्त २; आणि अ + ब तर ९. खरे उत्तर अब/(अ + ब), म्हणजे १८/९ = २. इथे १ ठेवूनही चूक सापडते, कारण मूळ राशी १/२ देते आणि अ + ब देते २. दोन पदांच्या मध्ये अधिक आहे की गुणिले, एवढे पाहून मगच नियमाला हात घालावा.

नव्या प्रश्नाने आपले काम केले. १/३ आले, १/२ आले, एक ४/३ सुद्धा आले, आणि प्रत्येकाशी नेमके काय बोलायचे ते चिठ्ठीवरून कळत गेले. आदल्या दिवशीच्या त्या मुलीने २ आणि ६ च्या डोक्यावर बारीक १ काढले होते आणि उत्तर २/९ चे होते.

एका कागदावर मात्र फक्त उत्तर होते: अ¹¹/(६ब¹⁴). सहगुणक १/६. चिठ्ठीवर १/६ नव्हते. बसून सगळ्या शक्यता मांडल्या: अंशात ८, २ किंवा ६ आणि छेदात ३६, ६ किंवा १२, अशा नऊ. १/६ दोन वाटांनी येत होते. अंशातला २ तसाच सोडून छेदात ६ चे १२ केले तर २/१२. अंशात २ चे ६ करून छेदात बरोबर ३६ घेतले तर ६/३६. पहिल्या वाटेने आलेल्याला दोन्ही कंस पुन्हा समजावायला हवेत, दुसऱ्या वाटेने आलेल्याला फक्त २³. मी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि पहिली ओळ लिहायला सांगितली. त्याने २ × ३ = ६ लिहिले, खाली ६² = ३६ लिहिले, आणि खडू हातात धरून वरच्या ६ कडे आणि खालच्या ३६ कडे आळीपाळीने बघत राहिला.